क्रूझच्या दरपत्रकात काय काय छापायला हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुटी दोन-अडीच महिन्यांवर आली की वर्तमानपत्रांत क्रूझच्या पानपानभर जाहिराती येऊ लागतात. निळा समुद्र, पांढरीशुभ्र बोट आणि खाली ठळक अक्षरांत ‘राहणे, खाणे, करमणूक सर्व समाविष्ट’. ठाणे, पुणे, नाशिक, कोल्हापूरकडची कुटुंबे आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळी मिळून अशा सफरींवर जाऊ लागली आहेत, ही आनंदाचीच गोष्ट आहे. आम्ही या सफरींची आखणी करण्याच्या धंद्यातले आहोत. आमच्या पाहण्यात सुटी समुद्रामुळे क्वचितच बिघडते. ती बिघडते पैसे भरण्याआधी न विचारलेल्या प्रश्नांमुळे. त्या प्रश्नांसाठी हे पत्र. थोडे लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

आधी मार्ग पाहावा, मग बोट. मुंबई–गोवा किंवा मुंबई–कोची अशा देशांतर्गत सफरीला पासपोर्ट लागत नाही. सरकारी फोटो ओळखपत्र मात्र प्रत्येकाचे लागते, लहान मुलांचेही, आणि ते मूळ प्रतीत. फोनमधल्या फोटोवर विसंबू नये. लक्षद्वीपला बोट लागणार असेल तर भारतीय नागरिकालाही प्रवेश परवाना काढावा लागतो. तो बोट कंपनीमार्फत होतो, पण त्यासाठी कागदपत्रे आधी द्यावी लागतात, त्यामुळे निघायच्या दोन दिवस आधी ‘काकांऐवजी मामा येतील’ असा बदल तिथे होत नाही.

परदेशी मार्गावर मामला वेगळा. सिंगापूरहून सुटून मलेशियातल्या पेनांगला आणि थायलंडमधल्या फुकेतला जाऊन परत सिंगापूरला येणारी सफर आपल्याकडे सर्वाधिक खपते. बोटीत बसताना तुम्ही सिंगापूर सोडता आणि उतरताना नव्याने सिंगापुरात शिरता, म्हणून सिंगापूरचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हे त्याच्या कागदावर डोळ्यांनी वाचून घ्यावे. सिंगापूरचे आगमनपत्र, म्हणजे एसजी अरायव्हल कार्ड, दोनदा भरावे लागते: विमानाने उतरण्याआधी एकदा आणि बोटीने परतण्याआधी एकदा. दोन्ही वेळा पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. सरकारी संकेतस्थळावर ते फुकट भरता येते. त्याच नावाची पैसे उकळणारी संकेतस्थळे शोधयादीत वर दिसतात, तिकडे जाऊ नये. मलेशिया आणि थायलंडचे भारतीयांसाठीचे व्हिसा नियम गेल्या काही वर्षांत वरचेवर बदलले आहेत, तेव्हा गेल्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्याचा दाखला उपयोगाचा नाही. पासपोर्टची मुदत सफर संपल्यावरही किमान सहा महिने शिल्लक हवी.

अलास्काची सफर अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलहून सुटून सिअ‍ॅटललाच परतते, म्हणून अमेरिकेचा व्हिसा पुरेल असे बहुतेकांना वाटते. तो पुरत नाही. अमेरिकेच्या १८८६ सालच्या एका कायद्याने परदेशी निशाणाच्या, म्हणजे परदेशात नोंदणी झालेल्या, बोटींना फक्त अमेरिकी बंदरांमध्येच प्रवासी फिरवायला बंदी आहे, आणि मोठ्या क्रूझ बोटी जवळजवळ सगळ्याच परदेशी निशाणाखाली चालतात. त्यामुळे वाटेत एक परदेशी बंदर घ्यावेच लागते. बोट कॅनडातल्या व्हिक्टोरियाला संध्याकाळी काही तासांसाठी लागते आणि त्या काही तासांसाठी भारतीय पासपोर्टवाल्याला कॅनडाचा व्हिसा काढावा लागतो. भूमध्य समुद्रातही तसेच: ग्रीसच्या बेटांसोबत तुर्कस्तानचे कुशादासी असेल तर शेंगेनमधून, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांमधून, बाहेर पडून पुन्हा आत यायचे असते, एकाच प्रवेशाचा व्हिसा तिथे निकामी ठरतो. कागद अपुरे असले तर धक्क्यावरच अडवतात, बोट निघून जाते आणि पैसे परत मिळत नाहीत.

बंदरांच्या नावांत आणखी एक मेख असते. दरपत्रकात ‘रोम’ लिहितात, बोट लागते चिवितावेकियाला, रोमपासून सत्तरएक किलोमीटरवर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, नव्वदएक किलोमीटर. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, जवळपास दोनशे किलोमीटर. ‘लंडन’ म्हणजे साउदॅम्प्टन, ‘बँकॉक’ म्हणजे लेम चबांग. बोट सकाळी आठला लागून संध्याकाळी सहाला सुटणार असेल, तर ‘पॅरिस’च्या दिवसातले पाच-सहा तास बसमध्येच जातात. हे आधी कळले तर माणूस पॅरिसचा हट्ट सोडून ल हाव्रजवळचे ओन्फ्लर गाव निवांत बघेल. आपल्याकडेही ‘गोवा’ म्हणजे मुरगाव बंदर, वास्कोला. तिथून पणजी तीसएक किलोमीटर आणि उत्तरेकडचे किनारे त्याहून लांब. टॅक्सी आधी ठरवलेली नसेल तर अर्धा दिवस भाव करण्यात आणि रस्त्यात जातो.

काही ठिकाणी बोट धक्क्याला लागतच नाही. बाहेर नांगर टाकते आणि छोट्या होड्यांतून माणसे किनाऱ्यावर नेतात. त्याला टेंडर म्हणतात. लक्षद्वीप, ग्रीसचे सँटोरिनी आणि मोठ्या बोटींसाठी फुकेतचा पाटोंग किनारा ही अशी ठिकाणे. होडी वरखाली होत असताना पाऊल टाकायचे असते. गुडघ्यांचे दुखणे असलेल्यांना ते जड जाते, आणि चाकाच्या खुर्चीला बऱ्याचदा परवानगीच नसते. वारा वाढला की कप्तान ते ठिकाण सरळ रद्द करतो. तो अधिकार त्याला तिकिटाच्या करारानेच असतो आणि परत मिळतात फार तर त्या बंदराचे शुल्क. ज्या एका ठिकाणासाठी अख्खी सफर घ्यायची ते टेंडरचे असेल, तर ही शक्यता आधीच मनात धरावी. सँटोरिनीला होडीतून उतरल्यावर वर गावात जायला केबल कार आहे, नाहीतर पाचशे अठ्ठ्याऐंशी पायऱ्या. एका दिवशी तीन-चार बोटी आल्या की केबल कारची रांग तासाच्या वर जाते, उतरतानाही. परतीची वेळ शेवटच्या होडीवरून नव्हे, त्या रांगेवरून मोजावी.

आता केबिन. आतली, समुद्र दिसणारी आणि बाल्कनीची असे ढोबळ तीन प्रकार. आतली केबिन साधारण दीडशे चौरस फुटांच्या आसपास, आणि जुन्या बोटींवर त्याहूनही लहान. दिवा मालवला की भर दुपारी अमावास्या, त्यामुळे बाथरूमच्या वाटेवर लावायला छोटा रात्रदिवा जवळ ठेवावा. तिसऱ्या-चौथ्या माणसाचा पलंग पुष्कळदा भिंतीतून किंवा छतातून खाली येणारा असतो, वर चढायला शिडी. ‘चौघांची केबिन’ म्हणून घेतली आणि त्यात आजी-आजोबा असले तर वर कोण झोपणार हा प्रश्न पहिल्याच रात्री उभा राहतो. दोन शेजारच्या, मधे दार असलेल्या केबिन थोड्या महाग पडतात, पण तीन पिढ्यांसाठी आम्ही त्याच सुचवतो. एकटा प्रवासी असेल तर बहुतेक कंपन्या दोघांचे भाडे किंवा त्याच्या जवळपास रक्कम घेतात, कारण दर ‘एका केबिनमध्ये दोघे’ असे धरून लावलेले असतात.

केबिन कोणत्या मजल्यावर आणि बोटीच्या कोणत्या भागात आहे, याकडे बाल्कनीपेक्षा जास्त लक्ष द्यावे. बोट सीसॉसारखी हलते. टोकाला बसलेल्याला सर्वांत जास्त हेलकावा, मध्यावर बसलेल्याला सर्वांत कमी. वरच्या मजल्यावर डोलणेही जास्त जाणवते. ज्यांना बोट लागते, म्हणजे हेलकाव्याने मळमळते, त्यांनी मध्यभागातली, खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी, खिडकी छोटी मिळाली तरी हरकत नाही. नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, केबिनमध्ये टेंडरच्या बंदरी पहाटे नांगराची साखळी सुटते तिचा धडधडाट ऐकू येतो. मागच्या टोकाला यंत्रांची थरथर. पोहण्याच्या तलावाच्या बरोबर खालचा मजला घेतला तर सकाळी सहाला डोक्यावर खुर्च्या सरकवल्याचा आवाज सुरू होतो. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असलेला मजला शांत. मजल्यांचे नकाशे कंपनीच्या संकेतस्थळावर असतात, ते एकावर एक ठेवून बघावेत. ‘गॅरंटी’ नावाचा स्वस्त दर घेतला तर केबिनचा प्रकार नक्की, पण जागा कंपनी ठरवते. बोट लागणाऱ्याने तो घेऊ नये. ‘दृश्य अंशतः अडलेले’ असे लिहिले असेल तर खिडकीसमोर जीवरक्षक होडी टांगलेली असते.

बोट लागण्याबद्दल थोडे सविस्तर, कारण या भीतीपोटी कितीतरी लोक जातच नाहीत आणि कितीतरी तयारीविना जातात. बोटीच्या पोटाला दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. ते बोटीचे डावी-उजवीकडे डोलणे पुष्कळ कमी करतात, पण पुढचे टोक वर-खाली होते ते त्यांना फारसे आवरत नाही. बोट मोठी असली की लाट कमी जाणवते. मुंबईहून २०२१ पासून सफरी करणारी ‘एम्प्रेस’ १९९० साली बांधलेली, सुमारे साडेअठ्ठेचाळीस हजार ग्रॉस टनांची. २०२४ मध्ये आलेली ‘आयकॉन ऑफ द सीज’ त्याच्या पाचपट, अडीच लाख ग्रॉस टनांच्या आसपास. हे टन वजनाचे नव्हेत, बोटीच्या आतल्या जागेचे माप आहे, पण तुलनेला ते पुरते. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो, म्हणून मुंबईकडचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. त्यातही डिसेंबर-जानेवारीचे दिवस बहुधा सर्वांत शांत.

गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते. एकदा पोट ढवळू लागले की पोटातले पुढे सरकणे मंदावते, गोळी तिथेच पडून राहते किंवा उलटीवाटे बाहेर येते. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी बोट उघड्या समुद्रात शिरण्याच्या तास-दोन तास आधी पोटात असली पाहिजे. तिने झोप येते आणि तोंडाला कोरड पडते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. हे आजोबांच्या बाबतीत हमखास विसरले जाते, कारण सगळ्यांच्या गोळ्या एकाच पाकिटातून वाटल्या जातात. पोट रिकामे ठेवणे हा उपाय नव्हे, त्याने त्रास वाढतो. सुका खाकरा, कुरमुरे, बिस्कीट असे थोडे थोडे खात राहावे, आलेपाकाची वडी चघळावी. केबिनमध्ये पडून फोनकडे बघण्याऐवजी मधल्या मजल्यावर मोकळ्या हवेत क्षितिजाकडे बघत बसावे. एवढ्यानेही भागले नाही तर बोटीवरचे डॉक्टर इंजेक्शन देतात, ते चांगले लागू पडते.

त्या डॉक्टरांची फी मात्र ‘समाविष्ट’ नसते. साधी तपासणीसुद्धा डॉलरमध्ये खात्यावर लागते आणि प्रकृती बिघडून हेलिकॉप्टरने किंवा बंदरात उतरवून हलवावे लागले तर खर्च लाखांत जातो. प्रवास विमा घेताना तीन गोष्टी लेखी पाहाव्यात: क्रूझ त्यात धरली आहे का, आपत्कालीन स्थलांतराचा खर्च धरला आहे का, आणि आधीपासूनचा मधुमेह-रक्तदाब धरला आहे का. इन्सुलिन घेणाऱ्यांनी केबिनमधल्या छोट्या फ्रिजवर भरवसा ठेवू नये, तो पेये गार ठेवण्यापुरता असतो. औषधासाठी नीट थंड राहणारा फ्रिज आणि वापरलेल्या सुया टाकायचा डबा आधी कळवला की मिळतो. गरोदरपणाचे चोवीस आठवडे सफर संपेपर्यंत पूर्ण होत असतील तर बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत. बाळ सहा महिन्यांहून लहान असेल तरीही तसेच, आणि सलग अनेक दिवस समुद्रात राहणाऱ्या मार्गांवर ही अट एक वर्षाची असते.

पैशांचे गणित दरपत्रकावरच संपत नाही. परदेशी बोटींवर सेवाशुल्क, म्हणजे टिप, दर माणशी दर दिवशी खात्यावर आपोआप चढते. अमेरिकी कंपन्यांचे ते साधारण १६ ते २० डॉलर. लहान मुलांनाही पुष्कळदा तेवढेच. चौघांच्या कुटुंबाला चार रात्रींसाठी १८ डॉलरने २८८ डॉलर होतात. डॉलर नव्वद रुपये धरला तर जवळपास २६ हजार. ही रक्कम शेवटच्या रात्री दाराखाली सरकवलेल्या बिलात पहिल्यांदा दिसली की वाद होतात. आधी भरायची सोय असते, ती वापरावी. बुफे आणि मुख्य भोजनगृहातले जेवण, साधे पाणी, साधा चहा-कॉफी हे दरात. कॅफेतली कॉफी, शीतपेये, बाटलीबंद पाणी, खास उपाहारगृहे, फोटो, स्पा, कॅसिनो, इंटरनेट हे सगळे वेगळे. दारूचे पॅकेज बऱ्याच कंपन्यांत केबिनमधल्या एका प्रौढाने घेतले तर सर्व प्रौढांना घ्यावे लागते. नवरा घेतो आणि बायको घेत नाही, अशा घरी हिशेब दुप्पट होतो. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आधीच वसूल करायचा प्राप्तिकर, कापला जातो, तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो. त्यासाठी ज्याच्या पॅनवर पैसे भरले ते लक्षात ठेवावे.

बोटीवर रोख चालत नाही, सगळे खात्यावर. खाते उघडताना जे कार्ड देता त्यावर कंपनी आगाऊ रक्कम अडवून ठेवते. डेबिट कार्ड दिले तर तुमच्या बचत खात्यातले खरे पैसे अडकतात आणि सफर संपल्यावरही काही दिवस सुटत नाहीत. परतीच्या प्रवासात कार्ड नाकारले जाते ते यामुळे. क्रेडिट कार्ड द्यावे, बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करून ठेवावेत आणि कुठल्याही यंत्राने ‘रुपयांत भरता का’ विचारले तर नाही म्हणावे, कारण त्या रुपयांतला दर जवळजवळ नेहमी महाग असतो.

फोन बोटीत पाय ठेवताच फ्लाइट मोडवर टाकावा. किनारा दूर गेला की फोन बोटीवरचे उपग्रहाचे नेटवर्क पकडतो. सिंगापूर किंवा थायलंडसाठी घेतलेला रोमिंग पॅक त्याला लागू होत नाही. खिशात पडलेल्या फोनवर कुटुंबाच्या गटातले शुभ सकाळचे फोटो आपोआप उतरत राहतात आणि हजारोंचे बिल येते. बोटीचे अ‍ॅप फ्लाइट मोडमध्ये, इंटरनेट पॅक न घेता, बोटीच्या वायफायवर चालते. कार्यक्रमांच्या वेळा त्यात दिसतात.

आता बॅग, आणि इथे आपल्या मराठी घरांसाठी खास सूचना. सिंगापूरला आणि दुबईला खसखस नेणे बेकायदा आहे. ती तिथे अमली पदार्थांच्या कायद्यात मोडते. दिवाळीच्या डब्यातले अनारसे एका बाजूने खसखशीतच थापलेले असतात, करंजीच्या सारणात खसखस असते, घरच्या गोड्या मसाल्यात असू शकते. दिवाळीच्या सफरीला निघताना हे तीन डबे घरीच ठेवावेत. चघळायचा तंबाखू, गुटखा आणि ई-सिगारेटही सिंगापुरात बेकायदा. घरी केलेले जेवण बोटीवर चढवू देत नाहीत. चिवडा, भडंग, लोणचे न्यायचे तर कारखान्यात बंद केलेल्या, लेबल असलेल्या पाकिटांतून. आणि ती पाकिटे, तसेच बुफेतले केळे-सफरचंद, बोटीवरून उतरून बंदरात नेऊ नये. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये तर एका फळासाठी जागेवर दंड होतो. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

इस्त्री, पाण्याची किटली, इंडक्शन, छोटा कुकर हे सगळे बॅगेच्या तपासणीत काढून घेतात आणि उतरताना परत देतात. बोटीवर आगीइतकी भीती दुसऱ्या कशाची नसते. साधे एक्स्टेन्शन बोर्डही पुष्कळ कंपन्या घेतात काढून, विशेषतः सर्ज प्रोटेक्टर असलेले, कारण बोटीची वीजजोडणी घरच्यासारखी नसते आणि ते तापून पेटू शकतात. केबिनमध्ये बहुधा एक अमेरिकी चपट्या पिनांचा आणि एक युरोपी गोल पिनांचा सॉकेट मिळतो. आपल्या दोन गोल पिनांचा चार्जर युरोपी सॉकेटमध्ये बसतो. बाल्कनीच्या कठड्यावर ओले कपडे वाळत घालायला मनाई असते. बाथरूममध्ये एका भिंतीतून ओढून दुसऱ्या भिंतीला अडकवायची बारीक दोरी असते, ती बहुतेकांना शेवटपर्यंत दिसतच नाही. केबिनच्या भिंती पत्र्याच्या असतात, त्यामुळे पाच-सहा लोहचुंबकी हुक नेले की टोप्या, पिशव्या, ओळखकार्डे टांगायची सोय होते. शौचालयात पाण्याचा फवारा नसतो. घडी होणारा मग किंवा छोटी बाटली न्यावी. ते शौचालय विमानातल्यासारखे हवेच्या ओढीवर चालते, त्यात ओला टिश्यू किंवा डायपर टाकला तर आजूबाजूच्या केबिनचीही कामे खोळंबतात.

चढताना मोठी बॅग धक्क्यावर दिली की ती केबिनच्या दारात संध्याकाळपर्यंत येते. म्हणून औषधे, पासपोर्ट, चष्मा, मुलांचे पोहण्याचे कपडे आणि एक शाल हातातल्या पिशवीत. नाट्यगृहात वातानुकूलन कडक असते. उतरण्याच्या आदल्या रात्री मोठी बॅग दाराबाहेर ठेवायला सांगतात. त्या वेळी दुसऱ्या दिवशीचे कपडे आणि चपला बाहेर काढून ठेवाव्यात, कारण ती बॅग पुन्हा भेटते ती थेट धक्क्यावर.

शाकाहारी, जैन, उपवासाचे जेवण हवे असेल तर आरक्षण करतानाच लेखी नोंदवावे, आणि ‘अंडेही नको’ हे वेगळे लिहावे. परदेशी स्वयंपाकघरात शाकाहारात अंडे धरले जाते. पहिल्या संध्याकाळी मुख्य भोजनगृहाच्या प्रमुखाला भेटून दुसऱ्या दिवशीचे सांगून ठेवले तर वरण-भात, भाजी, पोळीसारखे ताजे मिळू शकते. बुफेत ऐनवेळी मागितले तर मिळत नाही. ‘फॉर्मल नाइट’साठी कोट भाड्याने घ्यायची गरज नाही. साडी, पैठणी, बंद गळ्याचा कोट हे सगळे त्या रात्री शोभून दिसते.

हात धुण्याबद्दल बोटीवर सतत सांगतात, ते मनावर घ्यावे. बोटीवर पसरणारा जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस हात पुसायच्या सॅनिटायझरने नीट मरत नाही. साबण आणि वाहते पाणी, वीस सेकंद. बुफेचा चमचा शेकडो हातांतून गेलेला असतो, म्हणून वाढून घेतल्यानंतर, जेवायला बसायच्या आधी पुन्हा धुवावेत. लागण झाल्यास लपवू नये. केबिनमध्ये थांबायला सांगतात, पण उपचार होतात.

बंदरात उतरताना बोटीची वेळ लिहून घ्यावी. फुकेतमध्ये घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे. बोट सिंगापूरच्या वेळेवर चालत असली आणि फोनने आपोआप थायलंडची वेळ धरली, तर फोनवर चार वाजलेले असताना बोटीवर पाच वाजलेले असतात. बोटीच्या वेळेवर लावलेले एक साधे मनगटी घड्याळ हातात असावे. परतायची वेळ ही सुटण्याच्या वेळेआधी अर्धा ते एक तास असते. टेंडर असेल तर शेवटच्या होडीची वेळ त्याहीआधीची. बोट कंपनीकडून घेतलेली सहल उशिरा परतली तर बोट थांबते. स्वतः ठरवलेली टॅक्सी अडकली तर थांबत नाही. बाहेरची सहल निम्म्या पैशांत होते, ती जरूर घ्यावी, पण दोन तास हाती ठेवून. पासपोर्टची प्रत आणि त्या बंदरातल्या बोटीच्या एजंटचा फोन नंबर खिशात हवा, तो रोजच्या पत्रकावर छापलेला असतो. सफरीच्या आरंभाच्या शहरात एक दिवस आधी पोहोचावे, आणि उतरण्याच्या दिवशी दुपारी एकच्या आधीचे विमान घेऊ नये.

आणि सराव. चढल्यावर पहिल्याच दिवशी आपत्कालीन सराव असतो, त्याला मस्टर ड्रिल म्हणतात. सात छोटे आणि एक लांब भोंगा वाजला की आपल्या ठरलेल्या जागी जमायचे, ती जागा ओळखकार्डावर छापलेली असते. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळली तेव्हा, त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता. त्या अपघातात ३२ जण गेले. त्यानंतर बोट सुटण्याआधी किंवा सुटताच सराव घेणे आंतरराष्ट्रीय नियमाने सक्तीचे झाले. आपल्याला हे इटलीकडून शिकायची गरज नसावी. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणात अजून त्या दिवसाची आठवण काढतात. आता सराव पुष्कळदा फोनवरची चित्रफीत बघून आणि जागेवर हजेरी लावून होतो, दहा मिनिटांचे काम असते. लाइफ जॅकेट केबिनमधल्या कपाटात आहे का, मुलांच्या मापाचे आहे का, हे स्वतः उघडून बघावे. केबिनपासून जमण्याच्या जागेपर्यंत एकदा जिन्याने चालत जावे, कारण आग लागली की लिफ्ट वापरायची नसते. सिगारेट पिणाऱ्यांनी ठरवून दिलेल्या जागीच प्यावी. २००६ साली ‘स्टार प्रिन्सेस’वर बाल्कन्यांना लागलेली आग फेकलेल्या सिगारेटमुळे लागली असावी असा निष्कर्ष निघाला होता.

संपादक महोदय, सहलीच्या जाहिरातीला आपली पाने देणे हा आपल्या व्यवसायाचा भाग आहे आणि आमचाही. पण आपण जाहिरातदारांना एवढी अट घालू शकता: क्रूझच्या दरासोबत बोट प्रत्यक्ष लागते त्या बंदराचे खरे नाव आणि शहरापासूनचे अंतर, टेंडरचे ठिकाण असल्यास तसा उल्लेख, प्रत्येक प्रवाशाला लागणाऱ्या व्हिसांची यादी आणि ते किती प्रवेशांचे हवेत, दर माणशी दर दिवशीचे सेवाशुल्क रुपयांत, आणि केबिनमधले खाली-वर पलंग किती. या पाच ओळी दराच्या शेजारी, दराच्याच अक्षरांत छापाव्यात. आमच्या बाजूने, आमच्या प्रत्येक दरपत्रकावर त्या येत्या दिवाळीच्या हंगामापासून असतील.

आपले नम्र,
क्रूझ सफरींच्या आखणीच्या व्यवसायातील काही वाचक, ठाणे